गाडी सावलीत, मालक उन्हात

ऑफिसात त्याला सगळे ‘क्षमस्व’ म्हणायचे. छताचे पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात तो होता. खरं तर तो होता म्हणूनच तो विभाग होता. एक टेबल, एक फोन आणि हा. पंखा करकरतो, पंखा डुगडुगतो, पंखा लावला की शेजारच्यांचा टीव्ही बंद पडतो, अशा तक्रारींना तो दिवसभर उत्तरं लिहायचा आणि प्रत्येक उत्तर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं संपवायचा. त्यामुळे कोणी “क्षमस्व, चहा घेतोस का?” असं विचारलं की नव्याने लागलेल्या माणसाला वाटायचं, काय नम्र लोक आहेत इथले.

आपण आयुष्यात पहिले कुठे कुठे आलो, याचा विचार तो कधीमधी करायचा. विचार पटकन उरकायचा. शर्यतीत नाही, परीक्षेत नाही, स्वतःच्या लग्नाच्या हॉलवरसुद्धा नाही. तिथे त्याच्या आधी बायको, तिचे सगळे नातेवाईक आणि चुकून दुसऱ्याच लग्नाला निघालेलं एक कुटुंब पोचलं होतं. म्हणून शेडचं प्रकरण त्याच्या डोक्यात गेलं.

ऑफिसच्या आवारात एक पत्र्याची शेड होती. तिच्यात दोन गाड्या मावायच्या. एक जागा साहेबांची. दुसरी कोणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. बाकीच्यांनी गाड्या एक तर रणरणत्या उन्हात लावायच्या, म्हणजे संध्याकाळी स्टिअरिंग रुमालात गुंडाळून धरावं लागे. नाहीतर मोठ्या झाडाखाली लावायच्या. झाडाखाली सावली होती, पण वर पक्षी होते आणि त्या पक्ष्यांची पोटं कायमची बिघडलेली होती. शेडचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वॉचमनकाका तो डोळ्यांत तेल घालून पाळायचे : सकाळी जो पहिला, जागा त्याची. आणि पहिला रोज लंबूच असायचा. लंबू मार्केटिंगमध्ये होता. तो उजाडायच्या सुमारास यायचा, गाडी शेडमध्ये घालायचा आणि ऑफिस उघडेपर्यंत पाय खिडकीबाहेर काढून घोरायचा.

एके दिवशी क्षमस्वच्या घरातलं घड्याळ बिघडलं आणि पुढे धावलं. तो धडपडत ऑफिसला पोचला तेव्हा आवारात फक्त वॉचमनकाका दात घासत उभे होते. शेड रिकामी होती. त्याने गाडी आत घातली, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने लंबू आला. त्याने शेडकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग क्षमस्वकडे पाहिलं. मग तो गाडी घेऊन झाडाखाली गेला. तो दिवस क्षमस्वला फार सुखाचा गेला. एका बाईंचा पंखा आमटीत पडला होता, त्यांनाही त्याने हसत हसत उत्तर लिहिलं.

संध्याकाळी गाडीत बसून त्याने किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि तो थबकला. गाडी बाहेर काढली की उद्या लंबू. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की लंबूचे खिडकीबाहेरचे पायसुद्धा दिसले.

“काका,” तो म्हणाला, “गाडी रात्रभर इथेच राहिली तर?”

“राहू दे की. मी आहे ना.”

“आणि सकाळी?”

“सकाळी काय? सकाळी जो पहिला...” काका बोलता बोलता थांबले. दोघांनी शेडकडे पाहिलं. काकांनी दाढी खाजवली आणि एखाद्या न्यायाधीशासारखा चेहरा केला. “सकाळी तुमचीच गाडी पहिली म्हणायची. नियमात बसतंय.”

क्षमस्व चालत घरी गेला. फक्त एकच दिवस, असं त्याने स्वतःला बजावलं. स्वतःला बजावलेलं न ऐकण्याची त्याला लहानपणापासून सवय होती.

चालत म्हणजे चांगला पाऊण तासाचा रस्ता. पहिल्या दिवशी बुटांनी टाचा सोलल्या. दुसऱ्या दिवशी एका कुत्र्याने त्याला घरापर्यंत सोडलं. सोबत म्हणून नव्हे. घरी बायकोने दार उघडलं आणि त्याचा अवतार पाहून विचारलं, “गाडी कुठे आहे?”

“ऑफिसात. म्हटलं, आता चालत जावं. तब्येतीसाठी.”

बायकोचे डोळे एकदम चमकले, आणि तिथेच सगळी गोची झाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. लग्न झाल्यापासून ती त्याला चाल, जरा चाल, निदान कोपऱ्यापर्यंत तरी चाल, असं सांगत आली होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले, सोललेल्या टाचांना मलम लावलं आणि म्हणाली, “मला वाटलं नव्हतं तू कधी मनावर घेशील.” त्यालाही वाटलं नव्हतं. पण मलम थंडगार होतं आणि खरं बोलायची वेळ निघून गेली.

असे आठवडे गेले. गाडी शेडमध्ये होती आणि मालक रस्त्यावर. जेवणाच्या सुट्टीत तो गाडीला भेटायला जायचा. तिच्यात बसून डबा खायचा, सीट मागे टाकून डुलकी काढायचा, निघताना बोनेटवर हात फिरवायचा. धूळ बसू नये म्हणून त्याने तिला कापडी कव्हर शिवून घेतलं. सावलीत असलेल्या गाडीला उन्हापासून वाचवणारं कव्हर कशाला, असं शिंप्याने विचारलं, तेव्हा त्याने शिंप्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

इकडे घरात वेगळीच घाई चालू होती. बायको हॉस्पिटलच्या तळघरातल्या एका खोलीत यंत्रांची बटणं दाबून कंटाळली होती. एका संस्थेत तिची निवड झाली होती : पडून जायबंदी झालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन पुन्हा चालतं करायचं. असं काम करावं म्हणूनच ती हे शिकली होती. अट एकच, स्वतः गाडी चालवत जायचं. महिनाअखेरपर्यंत लायसन्स मिळालं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना तिने खांब पाडला होता. “बाई, खांब रोज तिथेच असतो हो,” परीक्षक म्हणाला होता. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. ड्रायव्हिंग क्लासची शिकवणी संपली होती. उरली होती ती घरची गाडी, आणि ती घरी नव्हती.

“आज आण ना गाडी. रिव्हर्सचा सराव करायचाय.”

“उद्या आणतो.”

“काल पण उद्याच म्हणालास.”

“अगं, तिथे सुरक्षित आहे ती.”

“मग मी काय तिला मारणार आहे?”

त्यावर तो हसला आणि तोंड धुवायला गेला. त्या महिन्यात त्याचं तोंड फार स्वच्छ राहिलं.

एका संध्याकाळी तो घरात शिरला तर हॉलमध्ये बायको त्याच्या टेबलाच्या चाकांच्या खुर्चीवर बसली होती. हातात स्टीलचं ताट, उभं धरलेलं. समोरच्या दिव्याला चिमट्याने लटकवलेला हात-आरसा. एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला चपलांचा स्टँड. ती मान वळवून मागे बघत, पायांनी जमीन ढकलत, ताट हळूहळू फिरवत खुर्ची त्या फटीत मागे घेत होती. चपलांचा स्टँड पडला.

“हे काय चाललंय?” त्याने विचारलं.

“रिव्हर्स.” ती चपला उचलायला वाकली. “गाडी नाही, पण खुर्ची तरी घरी असते.”

तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की त्याला टोमणाच वाटेना. टोमणा असता तर त्याने परतवला असता. तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. एक शेड, वीस पावलांची सावली. तेवढ्यासाठी आपण एका बाईला ताट चालवायला लावलं. उद्या नक्की आणू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी लंबू शेडजवळ घुटमळताना दिसला आणि ठरवलेलं सगळं वाऱ्यावर गेलं. आपण इतके हलके असू, असं त्याला वाटलं नव्हतं. आपण हलके आहोत एवढंच वाटलं होतं.

याच सुमारास साहेबांनी त्याला रस्त्यात गाठलं. गाडीची काच खाली आली.

“काय हो, गाडी बंद पडली?”

“नाही साहेब. मी रोज चालतच येतो.”

“का?”

खरं बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती. रस्ता रिकामा होता, साक्षीदार नव्हते. “तब्येतीसाठी,” तो म्हणाला.

साहेबांच्या पोटाबद्दल त्यांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात काही कडक शब्द वापरले होते. त्यामुळे घामाने भिजलेला हा कारकून त्यांना एखाद्या साधूसारखा दिसला. दुपारीच फर्मान सुटलं : कॅन्टीनमध्ये ‘चालत कामाला येण्याचे फायदे’ या विषयावर क्षमस्व बोलणार. “आणि तुमच्या मिसेस त्याच क्षेत्रातल्या ना? त्यांनाही बोलवा. दोन शब्द सांगतील.” दिवस ठरला तो नेमका बायकोच्या परीक्षेच्या आधीचा. ती सुट्टीवरच होती. “येते ना,” ती म्हणाली. “येताना गाडीही बघते. दिसली तर.”

कॅन्टीन भरलं. क्षमस्व उभा राहिला. चालण्याने वजन कमी होतं, तो म्हणाला. लोकांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. चालण्याने मन शांत होतं, तो म्हणाला, आणि त्याची नजर खिडकीतून शेडकडे गेली. चालण्याने माणूस प्रामाणिक होतो, हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि घाबरून तो खरं बोलू लागला.

“सकाळी खिडक्या उघड्या असतात,” तो म्हणाला. “आतले पंखे ऐकू येतात. आपले. इतकी वर्षं मी कागदावर वाचत होतो, पंखा करकरतो म्हणून. करकरतो म्हणजे काय, ते रस्त्यात ऐकलं. एका घरातला तर ओरडायचाच. तीन दिवस ऐकला, मग दार वाजवलं. आजी होत्या. स्टुलावर चढून वरचा स्क्रू घट्ट केला. आजी म्हणाल्या, आता मला झोप येणार नाही, आवाज गेला.”

लोक हसले. बायको हसली नाही. ती त्याच्याकडे कौतुकाने बघत होती आणि ते त्याला सहन होईना.

तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, “माझे पेशंट पहिल्यांदा पलंगापासून दारापर्यंत जातात ना, तेव्हा दाराला हात लावून रडतात. दार तर रोजचंच असतं. आपल्याला रोज चालता येतं म्हणून आपण चालत नाही. हा चालतो. मला अभिमान वाटतो.”

टाळ्या झाल्या. साहेब भारावून उठले. “असा माणूस आपल्यात आहे! आणि मी विचार केला, ज्याला गाडीची गरजच नाही, त्याची गाडी शेड अडवून का उभी असावी? त्यागाचा मान ठेवलाच पाहिजे. क्षमस्वंची जागा आजपासून आपल्या मार्केटिंगच्या गड्याला!”

लंबूने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की चहाचे दोन कप पडले.

सगळी वरात शेडकडे निघाली. गाडी काढायची म्हणजे सोहळाच झाला. वॉचमनकाकांनी कव्हर ओढलं. खाली गाडी लखलखत होती. बायकोने आत डोकावलं. मागच्या सीटवर उशी. पायाशी घरगुती चपला. समोर लोणच्याची छोटी बरणी, टूथपिकचा डबा आणि झाकलेलं तांब्या-भांडं.

“इथे कोण राहतं?” तिने विचारलं.

“साहेबच की,” वॉचमनकाका अभिमानाने म्हणाले. तक्रार विभागालाही ते साहेबच म्हणत. “रोज जेवायला येतात. गाडी जागची हलवत नाहीत. हलवली की शेड जाते ना! पहिल्या दिवशी मलाच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, नियमात बसतंय.”

झाडावरचे पक्षीसुद्धा थांबल्यासारखे झाले. बायको त्याच्याकडे वळली.

“म्हणजे तब्येतीसाठी नाही.”

“सुरुवातीला नाही,” तो म्हणाला.

“आणि मी घरात ताट फिरवतेय.”

“मला माहीत आहे. माझी... क्षमस्व.”

“ऑफिसातलं उत्तर देऊ नकोस.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “उद्या परीक्षा आहे. आज निघाली नाही गाडी, तर उद्याही खांब पडेल. किल्ली दे.”

त्याने किल्ली दिली. तिने फिरवली. गाडीने ‘टिक’ केलं आणि मान टाकली. इतके आठवडे सावलीत पडून तिची बॅटरी मेली होती. साहेबांच्या ड्रायव्हरने शेजारच्या गाडीतून दोन वायरी जोडल्या आणि गाडी खोकत जागी झाली.

“मी बाहेर काढून देतो,” क्षमस्व म्हणाला.

“बाहेर थांब,” ती म्हणाली.

तिने गाडी मागे घेतली. एका बाजूला शेडचा खांब, दुसऱ्या बाजूला साहेबांची गाडी. कॅशियरबाई ओरडल्या, “डावीकडे घे! अगं तुझं डावं, माझं नव्हे!” वॉचमनकाका हात हलवत होते, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास!” बास म्हणायला काकांना नेहमीच थोडा उशीर व्हायचा. टक् झालं. साहेबांच्या ड्रायव्हरने त्यांची गाडी लांब नेऊन लावली.

गाडी बाहेर आली. लंबू स्वतःच्या गाडीत इंजिन चालू ठेवून तयार होता. पण बायकोने गाडी वळवली, शेडकडे पाठ केली आणि पुन्हा मागे घ्यायला लागली. आत. मग बाहेर. मग परत आत.

“वहिनी, माझी जागा...” लंबूने डोकं बाहेर काढलं.

“भाऊजी, उद्यापासून तुमची. माझी परीक्षा उद्यावर आलीय.”

लंबूने इंजिन बंद केलं. तिने काच खाली केली आणि नवऱ्याला हाक मारली.

“तिकडच्या बाजूला खांब नाहीये. परीक्षेत दोन असतात. तिथे उभा राहा.”

“मी?”

“चुन्याची खूण आहे बघ, तिच्यावर. आणि हलायचं नाही. तू हललास तर मला कळणार नाही, मी चुकले की तू घाबरलास.”

तो जाऊन उभा राहिला. हात अंगाला चिकटवले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतकं स्पष्ट काम मिळालं होतं. गाडी मागे येऊ लागली. लाल दिवे मोठे होत गेले. त्याला वाटलं, हिला आज माझा राग आला आहे आणि ब्रेक कुठे आहे ते हिला नक्की आठवत असेल का? त्याने डोळे मिटले. गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

“डोळे मिटू नकोस,” ती आतून ओरडली. “खांब डोळे मिटत नाहीत.”

दुसऱ्यांदा बंपर त्याच्या पँटला लागला. तो हलला नाही. तिसऱ्यांदा तिने काकांना गप्प बसायला सांगितलं आणि स्वतःच थांबली. मग कितीदा झालं ते कुणी मोजलं नाही. आधी ऑफिसातले लोक सल्ले देत होते, मग पैजा लावू लागले, मग गप्प होऊन बघत राहिले. कॅशियरबाई चहाचा कप हातात धरून प्यायच्या विसरल्या. फोन वाजत होता, तक्रारी येत होत्या, तक्रार विभाग शेडच्या कोपऱ्यात खांब होऊन उभा होता. ऊन कलतं झालं तशी त्याच्या पायांना मुंग्या आल्या, नाकाच्या शेंड्यावर माशी बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मग असं व्हायला लागलं की गाडी यायची, दोन्हीकडे सारखी जागा सोडायची आणि अलगद आत बसायची, जशी फणी पेटीत बसते. तेव्हा सगळं आवार टाळ्या वाजवायचं. तो टाळ्या वाजवू शकत नव्हता. तो खांब होता.

शेवटी तिने इंजिन बंद केलं, उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“हलू का?” त्याने विचारलं.

“हल आता.” तिने त्याच्या पँटवरची बंपरची धूळ झटकली. जरा जोरातच झटकली. “घरी जाऊन भांडायचंय मला. नीट. आज वेळ नव्हता.”

घरी ती भांडली, नीट. त्याने एकदाही तोंड धुवायला जायचा बहाणा केला नाही.

सकाळी परीक्षेच्या मैदानावर तो कुंपणाबाहेर उमेदवारांच्या नातेवाइकांत उभा होता. ती गाडी मागे घेत होती आणि त्याची पावलं जमिनीला चिकटली होती, मध्ये अख्खं मैदान असूनही. दोन्ही खांब उभे राहिले. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. ती कुंपणाजवळ आली.

“कसं गेलं?”

“सोपं होतं. हे खांब थरथरत नव्हते.”

मग ती हसली, आणि त्याला कळलं की भांडण संपलेलं नाही, पण मिटणार आहे.

नव्या कामाचा पहिला दिवस आला. गाडी घरासमोर उन्हात उभी होती, टपावर पक्ष्यांनी आपली सही केली होती. बायको घाईत होती. कुणीतरी एक आजोबा तिची वाट बघत खुर्चीत बसले होते. डबा, पिशवी, व्यायामाचे रबरी पट्टे, सगळं तिने गाडीत टाकलं.

“तुझा रस्ता इकडचा, माझा तिकडचा,” ती काच खाली करत म्हणाली. “सोडलं असतं तुला, पण पेशंट आहे.”

“जा, जा,” तो म्हणाला.

गाडी मागे गेली, वळली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि कोपऱ्यावरून नाहीशी झाली. त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या. या चालण्याबद्दल आता कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसला जायचं होतं, म्हणून तो निघाला.